पप्पाचं दुसरं लग्न

नीराबाईच्या नव्या फोनवर ‘मान्य आहे’ दाबायला लुर्दीचं बोट खाली येतच होतं, तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन काउंटरवर थरथरला आणि त्यात पप्पा दिसला. पप्पा शवपेटीत होता. अंगात लग्नातला निळा कोट, हातात पांढरे मोजे, बोटांत गुंडाळलेली रोजरीची माळ, उशाशी गुलछडी. आणि वरून गुलाबी बदाम पडत होते, पत्त्यांतल्या बदामासारखे, एकामागून एक, पप्पाच्या छातीवर, नाकावर. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. खाली सोनेरी अक्षरं होती: ‘लग्नसोहळ्याच्या गोड आठवणी. पुन्हा एकदा जगा.’

“काय गो, भूत बघितलंस काय?” नीराबाई म्हणाली.

“जाहिरात हाय,” लुर्दी म्हणाली आणि फोन पालथा घातला. सनई काउंटरच्या काचेतून वाजत राहिली.

“मग माझं दाब. बोंबील वाळत टाकून आलंय, कावळं वाटच बघतायत.”

रेवदंड्याच्या बाजारात कमलेशशेठच्या मोबाइलच्या दुकानात लुर्दी दहावी सोडल्यापासून कामाला होती. नवा फोन घेतला की त्याचं खातं उघडून द्यायचं, नाव टाकायचं, गावकऱ्यांचे नातवंडांबरोबरचे फोटो जुन्यातून नव्यात आणायचे, आणि मधे ते मोठं पान आलं की न वाचता ‘मान्य आहे’ दाबायचं. अख्ख्या रेवदंड्यानं तिच्या बोटानं मान्य केलेलं होतं. आज बोट खाली जाईना. ती त्या पानाकडं बघत बसली, जणू कुणी दार वाजवलंय आणि उघडावं का नको ते कळत नाही.

“मावशी, यात काय लिहिलंय माहीत हाय?”

“तुला माहीत हाय ना?”

“न्हाय.”

“मग एवढे दिवस काय दाबत होतीस?”

लुर्दी वाचायला लागली. मोठ्यानं. तुम्ही कुठे जाता, काय बघता, कुणाशी बोलता, तुमची छायाचित्रं, त्यातले चेहरे. नीराबाईनं थोडा वेळ मान डोलावली, मग टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. “एवढं सगळं कबूल करायचं? माझ्या लग्नात भटानं पण एवढं बोलून घेतलं नव्हतं.” मागं दोन गिऱ्हाइकं हसली. कमलेशशेठ गल्ल्यावरून म्हणाला, “लुर्दी, पोथी लावलीस काय? दाब आणि पुढचं बघ.” लुर्दीनं फोन काउंटरवर ठेवला. आपटला नाही, पण ठेवण्यातला राग सगळ्यांना ऐकू आला. “तुम्हीच दाबा,” ती म्हणाली. शेठनं हात लांब करून दाबलं. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, फक्त पान सरकलं आणि नीराबाईला तिच्या नावानं नमस्कार आला. नीराबाई खूश झाली. लुर्दी ओढणी घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरली.

साळावच्या पुलावरून मिनीडोर, सहा आसनी रिक्षा, कोर्लईकडं जात होती. ड्रायव्हर तुकाराम पप्पाच्या जोडीचा, त्यानं पैसे घेतले नाहीत आणि काही विचारलंही नाही. लुर्दी मागच्या फळीवर उलट्या तोंडानं बसली होती, म्हणून तिला रस्ता नेहमी सुटत जाणारा दिसायचा. पप्पाची मिनीडोर होती तेव्हाही ती इथंच बसायची. आता खाडीला ओहोटी होती, चिखलात होड्या कुशीवर झोपलेल्या. चूक तशी मोठी नव्हती, तिला वाटलं. कोर्लईत माणूस गेलं की चर्चच्या पायऱ्यांसमोर पेटी उघडी ठेवतात, सगळं घर भोवती उभं राहतं आणि फोटो काढतात. मुंबईची, कुवेतची माणसं मातीला पोचत नाहीत, त्यांना पाठवायला. केस विंचरलेले, चांगले कपडे, पोरं पुढं, म्हातारी खुर्चीत. फोटोवाला ‘जवळ सरका’ म्हणतो आणि सवयीनं कुणीतरी किंचित हसतंसुद्धा. मागच्या मे महिन्यात पप्पाच्या वेळी तसंच झालं. बाकीचे फोटो लुर्दीनंच काढले, कारण हातात काहीतरी असलं की रडू येत नाही. आता कुठल्या तरी लांबच्या थंड खोलीतल्या यंत्रानं ते उघडून बघितले. फुलं बघितली, कोट बघितला, घरची सगळी माणसं आणि मधोमध नटलेला एक माणूस. आणि ठरवलं, लग्न. त्याचं काय चुकलं? पण त्याला बघायला कुणी सांगितलं होतं? हे कुणी मान्य केलं होतं? मग तिला आठवलं. तिनंच. शाळेत असताना, स्वतःच्या पहिल्या फोनवर, बोरं खात खात.

लहानपणी कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या वर्गात, सिस्टर सांगायच्या, देव सगळं बघतो. डोक्यावरचे केससुद्धा त्यानं मोजलेत. लुर्दीनं ते इतकं मनावर घेतलं की वर्षभर ती फ्रॉक घालून आंघोळ करायची. मम्मी ओरडायची, साबण लागत नाही गो. शेवटी पप्पानंच समजावलं, न्हाणीच्या दाराबाहेर उकिडवं बसून, त्याच्या भाषेत. कोर्लईच्या ख्रिस्तावांची ही जुनी, पोर्तुगीजमधून आलेली भाषा, नो लिंग, म्हणजे आपली भाषा. मम्मी उरणकडची, तिला ती कधी नीट आली नाही, म्हणून घरात मराठी चालायची आणि पप्पा-लुर्दीत ती. पप्पा म्हणाला होता, आई बघते तसं देव बघतो. तू पडशील म्हणून बघतो, तू नागडी दिसशील म्हणून नाही. लुर्दीनं दाराआडून विचारलं, मग पडल्यावर काय करतो? पप्पा मग म्हणाला, ते मला माहीत नाही, तू फ्रॉक काढ.

दहावीत तिनं गणिताच्या सरांच्या अंगावर डस्टर फेकला. सर तिला ख्रिस्ताव म्हणून वर्गात ‘पाववाली’ म्हणायचे, सगळे हसायचे, तीही आधी हसायची. त्या दिवशी नाही हसली. डस्टर कानाजवळून गेला, खडूची पांढरी धूळ सरांच्या भुवईवर बसली, आणि ती दप्तर न घेता घरी आली ती परत गेलीच नाही. नंतर ती कुमसाराला गेली. फादर जाळीपलीकडं बसतात, आपण गुडघ्यावर, आणि जे केलं ते सांगायचं. तिनं सांगितलं. फादर म्हणाले, झालं, आता शांतीनं जा. आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तेच फादर पायऱ्यांवर तिला म्हणाले, काय लुर्दी, उंच झालीस, जशी काही डस्टरची गोष्ट त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. तेव्हा तिला पहिल्यांदा माफी म्हणजे काय ते अंगावर कळलं. सांगितलेली गोष्ट त्या लाकडी खोक्यात राहिली आणि खोक्यात काही नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं फोनला पण विचारलं होतं, दहावी सोडली तर पुढं काय. फोननं अजून ते सोडलेलं नाही. आज इतक्या दिवसांनीही काहीही उघडलं की कुठून तरी एक टाय लावलेला बाप्या येतो आणि म्हणतो, ‘दहावी राहिली? लाजू नका.’ ती लाजत नव्हती. तो आठवण करून देतो तेव्हा लाज वाटते. दोघांनाही सगळं माहीत असतं, देवाला आणि कंपनीला. पण एक ऐकून विसरतो आणि दुसरी विसरायचं नाव घेत नाही. मिनीडोर उतारावर घरघरली. बायबलात मित्राच्या, लाझरसच्या थडग्याशी येशू रडला, हे तिला तोंडपाठ होतं, सगळ्यात छोटं वाक्य म्हणून पोरं तेच पाठ करायची. त्याला तर माहीत होतं ना, पुढच्या घटकेला लाझरस उठून बाहेर येणार. तरी रडला. मेलेल्या माणसाकडं ज्यानं बघितलं त्याला निदान रडू तरी यायला पाहिजे. बदाम कसले टाकतोस.

घरी मम्मी पडवीत चिंचा फोडत बसली होती, मांडीजवळ चिंचोक्यांचा ढीग. लुर्दीनं ठरवलं होतं, दाखवायचं नाही. पण फोननं पुन्हा आठवण करून दिली आणि सनई वाजली.

“कुणाचं लग्न गो?”

“कुणाचं न्हाय.”

“बघू.” मम्मीची बोटं चिंचेनं चिकट, तिनं मनगटानं फोन स्वतःकडं वळवला.

लुर्दीला वाटलं, आता रडेल. मम्मी बघत राहिली. पेटी, कोट, मोजे, बदाम. मधेच यंत्रानं एक हलता तुकडा घुसवला होता, कुठल्या तरी जुन्या सकाळचा: पप्पा मिनीडोरची काच पुसतोय, वळून बघतो, जीभ काढतो. मग पुन्हा पेटी. संपल्यावर मम्मी म्हणाली, “कोट बघ कसा बसलाय. लग्नात दंडाला घट्ट होता, हात वर करता येत नव्हता त्याला, केक मीच भरवला.” आणि हसली. “परत लाव.”

“मम्मी, हे लग्न न्हाय. पप्पा मेलाय त्यात.”

“मला माहीत हाय ना. मी होते तिथं.”

“मशीनला कळलं न्हाय म्हणून त्यानं…”

“न्हाय कळलं तर न्हाय. फादर मातीच्या वेळी काय म्हणाले? स्वर्गात लग्नाची मेजवानी हाय, तिकडं गेला. मग कोट घालूनच जाणार ना. लाव गो.”

त्यानंतर रोज जेवणं झाली की मम्मी चिंचांनी भरलेलं सूप घेऊन बसायची आणि म्हणायची, शिनेमा लाव. तिला जीभ काढलेला पप्पा बघायचा असायचा, पण त्याच्यासाठी थांबताना ती सगळंच बघायची, सनईवर पायाचा अंगठा हलवायची. लुर्दी शेजारी बसून कानातलं फिरवत राहायची. तिला मम्मीचा राग येत होता आणि मम्मीचा राग येतो याचाही. एका दुपारी तिनं स्वतःला विचारलं, पप्पाच्या हनुवटीवरचा व्रण कुठल्या बाजूला होता, डाव्या का उजव्या? लहानपणी त्या व्रणावर बोट फिरवत ती झोपायची. आणि तिला सांगता येईना. हात आपोआप फोनकडं गेला. ती तिथंच थांबली, पडवीच्या खांबाला टेकून. हे बदामांपेक्षा वाईट होतं. तिनं पप्पाला फोनकडं कधी ठेवायला दिलं ते तिला कळलंच नव्हतं. बोटाला माहीत असलेली गोष्ट बोटातून गेली होती, आणि ती परत मागायची तर कंपनीच्या दाराशी जाऊन मागायची. पडवीतून मागं चर्चचा क्रूस दिसत होता, किल्ल्याच्या उतारावर बकऱ्या. तिनं डोळे मिटले आणि व्रण शोधत राहिली. सापडला नाही. त्याच्या तंबाखूचा वास सापडला, ओल्या फडक्याचा सापडला, व्रण नाही. पण तिनं फोन उचलला नाही. तिनं ठरवलं ते तेव्हा. खातं बंद करायचं. सगळ्या कंपन्यांची खाती, फोटोंचं, निरोपांचं, नकाशाचं, झाडून सगळं. साधा बटणांचा फोन ठेवायचा, घंटी वाजली की उचलायचा.

रविवारी मिस्सानंतर तिनं फादरना पायऱ्यांवर गाठलं.

“फादर, या मोठ्या कंपन्या सोडायच्या म्हटलं तर?”

“उपवासाच्या दिवसांपुरत्या?”

“कायमच्या.”

“मटण सोडणारे लई भेटतात, हे नवीन हाय.” फादर हसले. “मग मिस्साची वेळ बदलली तर तुला कोण सांगणार? आपला तर ग्रुप हाय.”

“घंटा सांगेल.”

फादर पुन्हा हसले, मग चष्मा पुसत राहिले. “रागानं सोडशील तर इस्टरला परत धरशील. काय नको ते तुला ठाऊक हाय. काय पाहिजे ते बघ.” आणि मग म्हणाले, “तुमच्याकडची झावळी अजून आली न्हाय. मम्मीला सांग.”

इस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून मिळालेली झावळी वर्षभर घरात ठेवतात, क्रूसामागं नाहीतर फोटोमागं. ती टाकून द्यायची नसते. उपवास सुरू होतात त्या राखेच्या बुधवाराआधी ती चर्चला परत द्यायची, मग सगळ्या गावाच्या झावळ्या एकत्र जाळून त्याच राखेनं फादर कपाळावर क्रूस काढतात. लुर्दीच्या घरची झावळी पप्पाच्या फोटोमागं होती. पप्पानं शेवटच्या झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा चालू असतानाच, बाकावर बसून तिचा छोटा क्रूस विणला होता. मम्मीनं कोपर मारलं तरी थांबला नव्हता. आता ती वाळून पिवळी पडली होती, पण विणीत त्याची बोटं तशीच होती, एक पाती त्यानं दातानं ओढून घट्ट केली होती, तिथं चावल्याची खूण.

“ही न्हाय द्यायची,” घरी येऊन लुर्दी म्हणाली.

“द्यायचीच असते.”

“दुसरी देऊ. नारळाची कुठली पण तोडून देते.”

“आशीर्वादाची ती एकच हाय. वेडेपणा करू नको.” मम्मी स्टुलावर चढून फोटोमागं हात घालत होती.

“मम्मी, हात लावू नको तिला.” आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या अंगणातला कुत्रा उठला. मम्मी स्टुलावरच थांबली, एक हात फोटोवर.

“ती त्यानं हातानं केलीय,” लुर्दी म्हणाली.

“मग? मला पण त्यानं हातानं हार घातला होता.” मम्मी सावकाश खाली उतरली, झावळी न घेताच. “तू काय करणार हायस ते मला कळलंय. फादरशी बोलत होतीस ते मी ऐकलं. माझा शिनेमा घालवणार.”

लुर्दी मग म्हणाली, “फोटो सगळे कार्डावर काढून देते. जीभ काढलेला पप्पा पण.”

“आणि सनई?”

“सनई त्यांची हाय. बदाम पण.”

“मग काय उपयोग. तो एकलाच जीभ काढत बसेल.” मम्मीनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर कोंबड्या चिंचोके उकरत होत्या. दोघी फोटोकडं बघत होत्या, पप्पाचा तो परमिटसाठी काढलेला फोटो, ज्यात तो कुणाचाच वाटत नव्हता. मग मम्मी बाजारात भाव करतात तशा आवाजात म्हणाली, “असं करू. तू झावळी दे. मी शिनेमा सोडते.”

लुर्दीला वाटलं आपण हसू. पण मम्मी हसत नव्हती. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता. लुर्दीला एकदम दिसलं की मम्मीला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून, यंत्राला काही कळलं नाही हे तिला लुर्दीइतकंच माहीत होतं. तरी ती त्या लग्नाला रोज जात होती, कारण दुसरीकडं कुठं बोलावणं नव्हतं. आणि ते ती आता सोडून देत होती, पोरीनं मागितलं म्हणून. लुर्दी स्टुलावर चढली. फोटो भिंतीपासून सरकवला. झावळी हलकी, कोरडी, कागदासारखी आवाज करणारी. चावलेल्या जागेवर तिनं अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, सावकाश, जसं हनुवटीवर फिरवायची. आणि तेव्हा कळलं. डाव्या. डाव्या बाजूला, खालच्या ओठाच्या जरा खाली. तिनं मम्मीला विचारलं नाही, फोनमध्ये बघितलं नाही. तशीच झावळी घेऊन चर्चकडं गेली आणि वेदीजवळच्या पाटीत बाकीच्या झावळ्यांवर ठेवली. परत वळून बघितलं तर कुठली त्याची ते ओळखू येत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी पडतील, मग नाही येणार.

बुधवारी अख्खं गाव मिस्साला होतं. फादरनी अंगठा राखेत बुडवून तिच्या कपाळावर टेकवला, माती आहेस, मातीला मिळशील म्हणाले. अंगठा खरखरीत होता. राखेचे दोन कण पापणीवर पडले. वळताना तिनं मम्मीचं कपाळ बघितलं, शेजारणीचं, पोरांची, म्हाताऱ्यांची, सगळ्यांवर तोच काळा डाग, थोडा वेडावाकडा. यातलं पप्पाचं कुठलं? तिनं शोधलं नाही. कुणाच्या ना कुणाच्या कपाळावर असेल, आणि उद्या आंघोळीत धुऊन जाईल.

घरी येऊन ती पडवीत बसली आणि खातं बंद करायच्या पानावर गेली. फोटो कार्डावर उतरवून झाले होते, कार्ड मम्मीनं पप्पाच्या लायसन्सच्या डब्यात ठेवलं होतं. दुकानाचं काय करायचं ते ठरलेलं होतं: बोट लावणार, पण आधी वाचून दाखवणार. शेठ म्हणाला होता, मग संध्याकाळपर्यंत एकच गिऱ्हाईक होईल. बघू, ती म्हणाली होती. पानानं विचारलं, खरंच का? पुन्हा विचारलं. मग सांगितलं की काही दिवस आम्ही थांबू, तोपर्यंत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल. लुर्दीनं मनात मोजलं. इस्टरच्या आधीच ते दिवस संपत होते. मधे कधीतरी, एखाद्या कंटाळलेल्या दुपारी, सनई ऐकावीशी वाटेल, मम्मीला किंवा तिलाच. तेव्हा डाव्या बाजूला बोट न्यायचं. काय पाहिजे ते बघ, फादर म्हणाले होते; त्याचं उत्तर एवढंच होतं तिच्याकडं, आणि ते पुरेल का ते तिला माहीत नव्हतं.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘तुम्ही का जात आहात?’ खाली कारणं होती, त्यातलं एक निवडायचं. त्यात तिचं नव्हतं. ‘इतर’ दाबल्यावर एक रिकामी चौकट उघडली.  मग तिनं पप्पाच्या भाषेत लिहिलं, तो रोज मिनीडोर लावून अंगणातूनच ओरडायचा ते: मी आलो, भात वाढ. चार शब्द. लिहिता लिहिताच प्रत्येक शब्दाखाली चूक दाखवणारी लाल रेघ उमटत गेली. ती रेघांकडं थोडा वेळ बघत बसली. मग दाबलं.

“लुर्दी,” आतून मम्मीनं हाक मारली, “भात झालाय. वाढू?”

“वाढ,” लुर्दी म्हणाली, आणि कपाळ न पुसता आत गेली.